चिलटांचं शिबिर

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या घरात पाऊल टाकलं की आधी वास येतो सीताफळांचा, फराळाचा त्याच्या मागून. आतल्या खोलीत गवत अंथरून आढी घातलेली असते आणि आई रोज सकाळी एकेक फळ अंगठ्यानं हलकेच दाबून बघते. बालाघाटच्या डोंगरउतारावर कुणी न लावता, कुणी पाणी न घालता आलेलं हे फळ. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते बीडचं आहे हे सरकारदरबारी मान्य झालं. आईला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिच्या मते ते धारूरचं आहे.

सीताफळ पिकतं एका रात्रीत आणि उतरतंही एका रात्रीत. मधल्या वेळात ज्यानं खाल्लं त्याचं. या शर्यतीत आमच्या घरातलं माणूस आजवर एकदाही पहिलं आलेलं नाही. चिलटं आधी येतात. दार लावा, खिडकी लावा, फळांवर ओलं फडकं टाका, चिलट आहेच. लहानपणी मला वाटायचं की चिलट फळातूनच जन्माला येतं. पुढं तीस वर्षं जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि तसं काही नसतं हे पोरांना पटवून दिलं, पण दिवाळीत घरी आलो की माझा स्वतःचाच विश्वास डळमळतो.

गेल्या दिवाळीत फोडलेलं एक सीताफळ ताटलीत ओट्यावर राहून गेलं होतं. त्यावर दहा-पंधरा चिलटं. भावजय पदरानं वारायला पुढं झाली, तेवढ्यात तिची लेक ओरडली, "मम्मी, थांब!" आणि ताटलीवर वाकली. "हा नर. मागचं टोक काळं हाय बघ. ही मादी, अंगानं मोठी, पट्ट्यापट्ट्याची. डोळे बघ किती लाल." भावजय हातात पदर धरून तशीच उभी. घरी आलेल्या कुठल्या पाहुण्याकडं पोरीनं इतक्या मायेनं बघितलेलं तिला आठवत नव्हतं.

ही माझी पुतणी. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत चिलटांवर पीएचडी करते. ड्रोसोफिला मेलानोगास्टर हे त्याचं पाळण्यातलं नाव. पुण्यात आयसर आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, तिथं या माशीवर काम करणारी बरीच मंडळी आहेत, त्यामुळं पुण्यात हे कुणाला सांगताना संकोच वाटत नाही. गावात वाटतो. धाकट्याला, म्हणजे तिच्या बापाला, पारावर कुणी विचारलं की पोरगी काय करायलीय पुण्यात, तर तो म्हणतो, "रिसर्च." कशावर, असं विचारलं की त्याला एकदम शेडवरचं काम आठवतं.

शेड म्हणजे रेशमाचं. दोन एकर तुती आणि रेशीम अळ्यांचं संगोपनगृह, हा त्याचा संसार. शंभर अंडीपुंज आणले की चाळीस-पन्नास हजार अळ्या होतात आणि महिनाभर त्या सांगतील तसं वागावं लागतं. तापमान पंचविशीच्या आसपास, हवेत ओल, उन्हाळ्यात भिंतींना ओलं गोणपाट, दारात चुना, चपला बाहेर. आणि सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर माशी. उझी माशी अळीच्या अंगावर अंडं घालते, आतली अळी रेशीम अळीला खात सुटते आणि अंगावर एक काळा डाग तेवढा दिसतो. त्यामुळं पोरगी पुण्याहून आली की तिची बॅग अंगणातच उतरते. "माशीवाल्या कपड्यानं शेडात यायचं नाही," हा धाकट्याचा कायदा. तिनं शंभर वेळा सांगितलं की पप्पा, माझी माशी वेगळी, ती अळीच्या वाटेला जात नाही. शिवाय पेरूत अंडी घालणारी, जिच्यासाठी बागेत कामगंध सापळे टांगतात, ती फळमाशी तर आणखी वेगळी. धाकट्याचं म्हणणं, माशीच्या जातीवर त्याचा विश्वास नाही.

मग एकदा तो पुण्याला जाऊन तिची प्रयोगशाळा बघून आला. मला वाटलं होतं, उदास होऊन येईल. तो खुशीत आला. तिथं म्हणे माशांसाठी वेगळं स्वयंपाकघर आहे. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवतात, गरम असतानाच बाटल्यांत ओततात, थिजलं की माशा सोडून तोंडाला कापसाचा बोळा. खोलीचं तापमान पंचवीस. बुरशी आली की सगळ्यांची तोंडं उतरतात. "आपल्यासारखंच हाय सगळं," धाकटा म्हणाला. "फक्त कोशाच्या भावाची कटकट नाही." मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवणाऱ्या पहिल्या लोकांत जपानचा तोयामा होता, आणि त्यानं ते १९०६ साली दाखवलं ते रेशीम अळीवर. माशीचा नंबर त्यानंतर लागला. हे ऐकून धाकट्यानं चहा मागवला.

पोरीच्या कामातला सगळ्यात अवघड भाग मात्र आईनं सोपा करून टाकला. नवरात्रात घरी यायचं ठरलं होतं. आदल्या रात्री फोन आला. स्पीकर चालू, घर सगळं भोवती. "मला जमणार नाही यायला. सकाळ-संध्याकाळ व्हर्जिन गोळा करायच्यात." माझी भावजय उठून आत गेली. धाकट्याला शेडवरचं काम आठवलं. आईनं विचारलं, "म्हणजे काय?" मी शिक्षक माणूस, घाबरलो, पण भाषांतर केलं: "कुमारिका." आईचा चेहरा उजळला. "नवरात्रात कुमारिका बसवायलीय व्हय पोरगी? बरं करतीय. यायची घाई करू नको म्हणावं."

खरं तर आईला वाटलं त्यापासून गोष्ट फार लांब नव्हती. कोणत्या बापाची कोणती पिल्लं याचा चोख हिशेब ठेवायचा तर माशीची मादी नराला भेटण्याच्या आधीच वेगळी काढावी लागते. एकदा भेट झाली की ती नराचं बीज पोटात साठवून ठेवते आणि पुढं कितीतरी दिवस वापरते, मग तुमच्या वहीतला हिशेब गेला. कोशातून बाहेर पडल्यावर पंचवीस अंशाला आठ तासांची मुभा असते. तेवढ्यात ती फिक्या अंगाची, मिटल्या पंखांची, पोटात काळसर ठिपका असलेली मादी ब्रशच्या टोकानं बाजूला सारायची. आठ तास टळले की संपलं. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि देवी कुमारिकाच राहिली, अशी आमच्या जिल्ह्याची कथा आहे. माशीचा मुहूर्त टळला की नेमकं उलटं होतं, एवढाच फरक.

मीही एके काळी या माशा पाळल्या आहेत. पण ते पाळणं म्हणजे बीएस्सीच्या वर्गाला दाखवण्यापुरतं. खिडकीत पिकलेलं केळं आणि गुळाचा खडा घातलेली बाटली ठेवायची, संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक येतंच. बेशुद्ध करायला ईथर. आता कार्बन डायऑक्साइड असतो, आम्हाला ईथरचा बोळा होता आणि त्याचं प्रमाण हाताला कळायला दोन वर्षं जायची. माशी नुसती झोपली की पंख अंगालगत असतात. पंख वर उभे राहिले की समजायचं, गेली. माझ्या पहिल्या प्रात्यक्षिकात वीस पोरांसमोर सगळ्या माशांचे पंख उभे राहिले. एका पोरानं अतिशय आदरानं विचारलं, "सर, आता यांची संकरजात कशी करायची?" आणि संक्रांतीनंतर हे प्रात्यक्षिक घ्यायचंच नाही हे मी दुसऱ्या वर्षी शिकलो, कारण तिशीच्या वर पारा गेला की नर नापीक होतात. आमच्याकडं मार्चपासून पुढं माशीची वंशावळ थांबते आणि परीक्षेतला प्रश्न मात्र तसाच राहतो.

जगानं या चिलटाला डोक्यावर घेतलं ते मॉर्गनमुळं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एक खोली, दुधाच्या बाटल्या, केळ्यांचा वास. १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माशांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला आणि त्या एका नराच्या वंशावळीवरून जनुकं गुणसूत्रांवर बसलेली असतात हे उलगडलं. १९३३ चं नोबेल. पुढचं पाठ्यपुस्तकात आहे, ते मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं आहे, पुन्हा लिहीत नाही.

मला त्यातली नावं ठेवण्याची रीत आवडते. पांढऱ्या डोळ्यांच्या त्या जनुकाचं नाव 'व्हाइट'. हे जनुक धड असेल तर डोळा लाल होतो. बिघडलं की पांढरा. म्हणजे लाल रंग चढवायला मदत करणाऱ्याचं नाव पांढरा! आमच्या गावात एक विहीर आहे, तिला कोरडी विहीर म्हणतात. तिला बारमाही पाणी असतं. बहात्तरच्या दुष्काळात ती आटली होती, तेव्हापासून ते नाव. माशीच्या जनुकांची बारशी याच हिशेबानं झाली आहेत. ज्याच्या बिघाडानं माशी शिकवलेलं शिकत नाही तो 'डन्स', म्हणजे मठ्ठ. शिकून लगेच विसरते तो 'अ‍ॅम्नेझिअ‍ॅक'. ज्याच्याविना हृदयच तयार होत नाही तो 'टिनमॅन'. दारूच्या वासानं लवकर झिंगते तो 'चीप डेट'. जर्मन शास्त्रज्ञांनी तर एकाला 'ब्रुखपायलट' म्हटलं, विमान आपटणारा वैमानिक, कारण तो कमी पडला की माशीला नीट उडता येत नाही. गावात माणसाला लंगड्या, तोतऱ्या, विसराळू म्हणतात त्याच चालीवर. फरक एवढाच की माशी ऐकत नाही, आणि गावातला माणूस ऐकून घेतो.

पोरगी हा ब्रुखपायलट रोज बघते. तिचं काम माशीवर कमी, माशीच्या अळीवर जास्त. तांदळाच्या दाण्याएवढी अळी, दोन्ही टोकांना बारीक पिना टोचून ताणायची, पाठीवर मधोमध चीर द्यायची, आतडी काढायची आणि धुवायची. मग खाली स्नायू दिसतात, विटांच्या ओळींसारखे, प्रत्येकाला नंबर. सहा नंबर आणि सात नंबर हे शेजारी, त्यांच्या मधल्या फटीतून मज्जातंतू येतो आणि दोघांवर पसरतो. तिथंच सिनॅप्स. मज्जातंतूनं स्नायूला 'आवळ' म्हणून सांगायची जागा. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी चमकणारी दोरी आणि दोरीला लागून मणी, मोठे, छोटे, मोठे. आत तांबडे ठिपके, ते म्हणे ब्रुखपायलट. मी चष्मा पुसून 'बूटॉन' हा शब्द समजावून सांगणार, तेवढ्यात आईनं मोबाइल जवळ घेतला. "ही तर बोरमाळ," ती म्हणाली. "एक मणी दबलाय." पोरीनं फोटो मोठा करून पाहिला. एक मणी खरंच दबलेला होता. पुढं बराच वेळ ती गप्प होती आणि नंतर वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते विचारायचं राहून गेलं.

माशीच्या मेंदूतल्या अशा सगळ्या जोडण्यांचा नकाशा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये छापून आला. १ लाख ३९ हजार २५५ पेशी आणि पाच कोटींच्या वर जोडण्या. खसखशीच्या दाण्यात मावेल एवढ्या मेंदूत. आपल्या मेंदूला हात घालायची अजून सोय नाही, पण माणसातल्या आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास जनुकांचे भाऊबंद माशीत सापडतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

या कामात महाराष्ट्राचाही हात आहे, आणि तो मला बिरादरीतला वाटतो. कारण त्याच्या मुळाशी गारपीट आहे. ओबैद सिद्दिकी तरुणपणी गव्हावर काम करत होते. एका गारपिटीनं शेतातला प्रयोग झोपवला आणि ते प्रयोगशाळेच्या भिंतींआड राहणाऱ्या सूक्ष्म जीवांकडं वळले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जे झालं ते ज्यानं पाहिलंय, त्याला हा निर्णय समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडं गारपिटीनंतर माणूस पंचनाम्याची वाट बघतो. सिद्दिकी ग्लासगोला गेले. पुढं होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी, रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला, आणि सत्तरच्या दशकात चिलटांकडं आले. केनियात जन्मलेल्या, गोव्याच्या घरातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज सिद्दिकींना पत्र लिहून तिथं दाखल झाल्या आणि माशीला चव आणि वास कसा कळतो याच्या मागं आयुष्यभर राहिल्या. के. एस. कृष्णन तिथंच सिनॅप्सच्या मागं लागले.

कुणाला वाटेल की त्यांनी बारीक यंत्रं लावून माशांच्या नसा तपासल्या. तपासल्याही, पण सुरुवात आमच्या मे महिन्यासारखी होती. माशा नळीत घालायच्या आणि नळी तापवायची. माशीचा स्वभाव वर चढण्याचा. साधी माशी तापलेल्या नळीतही चढत राहते. हजारात एखादी मध्येच धपकन खाली पडते, पाय वर. तीच हवी. अशी एक सिद्दिकींना सापडली, तिचं नाव 'कोमाटोस'. १९७६ मध्ये त्यांनी आणि अमेरिकेतल्या सीमोर बेंझर यांनी अशा तापमानानं लुळ्या पडणाऱ्या माशांच्या नसांत नेमका कुठं घोळ होतो, त्याचा शोधनिबंध लिहिला. कोमाटोस अडतीस अंशांना बेशुद्ध होते. तिच्याआधी कॅनडात डेव्हिड सुझुकींच्या गटाला १९७३ मध्ये आणखी एक मिळाली होती, ती एकोणतीस अंशांनाच कोसळते. सुझुकी मूळचे जपानी घराण्यातले. जपानीत अंग सुन्न पडणं, मुंग्या येणं याला जो शब्द आहे, तोच त्या माशीला दिला. शिबिरे.

हे नाव पुतणीनं पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी पुन्हा म्हणायला सांगितलं. शिबिरे. मी हसत सुटलो. ती चार वर्षं हा शब्द रोज उच्चारते, पण इंग्रजीच्या नादात त्यात तिला मराठी ऐकूच आलं नव्हतं. मी मात्र तीस वर्षं प्रशिक्षण शिबिरे, उद्बोधन शिबिरे, मार्गदर्शन शिबिरे केली आहेत. उकाड्यात बसवलं की दहा मिनिटांत अंग सुन्न पडतं, हे जपानमध्येही लोकांना ठाऊक असावं, असा माझा समज झाला.

शिबिरेत नेमकं काय बिघडतं, ते आमच्या दूध संकलन केंद्रावरून समजतं. मज्जातंतूच्या टोकाशी रसायन भरलेल्या बारीक पिशव्या असतात. निरोप आला की पिशवी भिंतीला चिकटते, फुटते, रसायन पलीकडं सांडतं. पिशवीचं कातडं भिंतीतच मुरतं. आता उद्याच्या दुधासाठी कॅन रिकामे होऊन परत आले पाहिजेत. त्यासाठी भिंत आत दबते, तिचा गोळा होतो आणि गोळ्याची मान चिमटून तो सुटा करायचा असतो, आई परातीतल्या कणकेतून अंगठा आणि बोटांत उंडा तोडते तसा. हे चिमटणारं प्रथिन म्हणजे डायनॅमिन, आणि शिबिरेत तेच उन्हानं रुसतं. पिशव्या जात राहतात, परत एकही येत नाही. गोळे मानेला लोंबकळत राहतात. गोठ्यात दूध आहे, कॅन नाहीत. माशी पडते. कोमाटोसमध्ये बिघाड जरा पुढचा. पिशवी भिंतीला बांधायच्या दोऱ्यांना काम झाल्यावर जो पीळ पडतो, तो उलगडणाराच बसकण मारतो. म्हणून गारवा मिळाला की शिबिरे लगेच उठते, कोमाटोसला पीळ सुटेपर्यंत वेळ लागतो.

आईला यातलं एकच विचारायचं होतं. "गार झालं की उठतात नं?" उठतात, आज्जी. "मग तापवता कामून?"

उत्तराच्या नादात पोरीचा चहा गार झाला.

यंदाच्या मेमध्ये मला एका शिबिराचं बोलावणं आलं. विषय 'कीटक आणि शेतकरी', वेळ दुपारी दोन, जागा पत्र्याचा हॉल, जेवणात वरण-बट्टी. बाहेर बेचाळीस. माझं भाषण सुरू झालं आणि अडीचला लाइट गेली. पंखे मंदावले, थांबले. मी उझी माशीवर होतो. बघता बघता मधल्या ओळीतली पहिली मान खाली आली, मग शेजारची, मग अख्खी रांग. माझ्याकडून निरोप जात होता, पलीकडून कॅन परत येत नव्हते. अजून चार मुद्दे राहिले होते. मी ते रेटले, शिक्षकाला दुसरं काही येत नाही. पावणेतीनला लाइट आली, पाठोपाठ बर्फ घातलेला मठ्ठा आला. मागच्या रांगा लगोलग उठल्या, कुणी टाळ्याही वाजवल्या. पहिल्या रांगेत धाकटा बसला होता, मान मागं टाकून, तोंड उघडं. मठ्ठ्याचे दोन पेले त्याच्यासमोर येऊन गेले. हॉल रिकामा झाला, सतरंजी गुंडाळायला माणसं आली, तरी तो तसाच.

कोमाटोसवाला असावा. मी शेजारी बसून राहिलो.